दोन मोटरींची गॅन्ट्री गुण्यात आणणं: कर्णातल्या १.८ मिमी फरकाचं प्रकरण

यंत्र घरी जुळवलेलं, लाकूडकामाचं सीएनसी राउटर. गॅन्ट्री म्हणजे त्यातली मागेपुढे सरकणारी कमान; कापणारं स्पिंडल तिच्यावरच डावी-उजवीकडे फिरतं. एक्स (डाव्या-उजव्या) अक्षाचा प्रवास ७०० मिमी, वायचा (मागेपुढे) १००० मिमी. वायला डावीकडे-उजवीकडे एकेक एसएफयू१६१० बॉलस्क्रू, म्हणजे एका फेऱ्याला त्यावरचा बॉलनट १० मिमी सरकतो. दोन्ही स्क्रूंना वेगळी नेमा २३ मापाची स्टेपर मोटर (पल्समागे ठरावीक पाऊल फिरणारी), १८.९ किलो-सेंमी जोराची, आणि वेगळा डीएम५४२ ड्रायव्हर. पुरवठा ३६ व्होल्ट, ड्रायव्हरची सेटिंग फेऱ्याला १६०० पल्स, म्हणून मिलिमीटरला १६० स्टेप्स. दोन स्क्रूंमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत ८६० मिमी. दोन्ही बाजूंना एचजीआर२० रेल, रेलवर सरकणारे दोन-दोन ब्लॉक, ब्लॉकवर साइड प्लेट आणि दोन प्लेटांना जोडणारा ॲल्युमिनियमचा बीम. नियंत्रण ईएसपी३२ बोर्डावर चालणाऱ्या फ्लुइडएनसी या प्रणालीचं. होमिंग (सेन्सर लागेपर्यंत जाऊन सुरुवातीची जागा शोधणं) पुढच्या टोकाला, म्हणजे चालवणारा उभा राहतो त्या बाजूला.

६०० बाय ८०० ची प्लायची फळी कापली की चारही बाजू मापात यायच्या. तशाच दोन फळ्या एकावर एक ठेवल्या तर कडाही जुळायच्या. वरची फळी पालथी घालून ८०० ची कड जुळवली की मात्र दूरच्या कोपऱ्यात सव्वादोन मिमीची पायरी दिसायची. पालथं घातल्यावर चूक दुप्पट होऊन समोर येते, म्हणून ६०० मिमीवर खरी चूक १.१ मिमीच्या आसपास. फळी आयत नव्हती, समांतरभुज होती.

इथे बरेच जण स्टेप्स-पर-मिमी बदलायला धावतात. त्याने काही होत नाही. एक्सचे किंवा वायचे स्टेप्स चुकले तर आयत लहान-मोठं होईल, पण आयतच राहील आणि त्याचे दोन्ही कर्ण सारखेच येतील. कर्णात फरक पडतो तो फक्त एक्स आणि वाय काटकोनात नसले तरच. त्यामुळे मोजायचे ते कर्ण.

गवंडी पायाची आखणी करताना तीन-चार-पाचचा गुण्या धरतो आणि शेवटी कर्णावर दोरी ताणून खात्री करतो. इथेही तेच, फक्त दोरीने भागत नाही. टेपवर अर्ध्या मिलिमीटरच्या खालचं वाचन विश्वासाचं नसतं. या यंत्रावर १८ मिमी एमडीएफमध्ये ६ मिमी एंडमिलने (सपाट टोकाच्या कटरने) चार भोकं पाडली, ६०० बाय ८०० च्या कोपऱ्यांवर. साधं ड्रिल बिट वापरलं नाही, कारण ते टेकताना सरकतं. प्रत्येक भोकावर यंत्र एकाच दिशेने येईल असं पाहिलं, म्हणजे बॅकलॅश (दिशा बदलतानाचा ढिलेपणा) असलाच तर चारही ठिकाणी सारखा लागतो. भोकांत ६ मिमीच्या डॉवेल पिना बसवल्या. मग २५ बाय ५ ची ॲल्युमिनियमची फ्लॅट पट्टी ९८४ मिमीच्या आसपास कापून तिच्या एका टोकाला कानशीने व्ही-खाच केली. खाच एका पिनेला आतून टेकवायची आणि पट्टीचं दुसरं टोक व समोरची पिन यांच्यात उरलेली दहाएक मिमीची फट व्हर्निअरच्या आतल्या जबड्यांनी मोजायची. पट्टी नेमकी किती लांब आहे हे कळायची गरजच नाही. दोन फटींची वजाबाकी हाच कर्णांतला फरक.

एका कर्णावर फट १०.९ आली, दुसऱ्यावर ९.१. फरक १.८ मिमी. मोठा कर्ण होता पुढच्या डाव्या भोकापासून मागच्या उजव्या भोकापर्यंतचा. याचा अर्थ गॅन्ट्रीची उजवी बाजू डावीपेक्षा मागे गेलेली आहे. किती, ते असं काढायचं: कर्णांतला फरक गुणिले कर्ण, भागिले रुंदी आणि लांबीच्या गुणाकाराची दुप्पट. १.८ × १००० ÷ (२ × ६०० × ८००) = ०.००१८७५. हा कोन रेडियनमध्ये आहे. त्याला स्क्रूंमधल्या ८६० मिमीने गुणलं की १.६१ मिमी. उजवी प्लेट डावीच्या १.६ मिमी मागे होती.

पहिला उपाय, आणि तो का फसला

दोन मोटरी आणि दोन सेन्सर असले की होमिंगमध्ये दोन्ही मोटरी एकत्र पुढे येतात, ज्या बाजूचा सेन्सर आधी लागतो ती मोटर थांबते आणि दुसरी तिचा सेन्सर लागेपर्यंत चालत राहते. मग दोघी आपापल्या सेन्सरपासून मागे सरकतात. हे मागे सरकणं, म्हणजे पुलऑफ, फ्लुइडएनसीमध्ये प्रत्येक मोटरला वेगळं देता येतं. इथे दोघींना ३ मिमी होतं. डाव्या मोटरचं ४.६१ केलं. उजव्याचं कमी करून १.३९ नेलं नाही, कारण सेन्सर पुरता सुटायला थोडं अंतर लागतंच; वाढवायचं ते नेहमी मागे राहिलेल्या नव्हे, तर पुढे राहिलेल्या बाजूचं.

होमिंगनंतर लगेच पाडलेल्या भोकांत फरक ०.२ आला. प्रश्न सुटला असं वाटण्यासारखीच ही जागा. पण तासाभराचं काम चालवून, पुन्हा होमिंग न करता त्याच एमडीएफवर चार भोकं पाडली तेव्हा फरक ०.७ वर गेला होता. होमिंग केलं की परत ०.२.

हा एक फाटा पक्का लक्षात ठेवण्यासारखा आहे. होमिंगनंतर लगेचच वाकडं असेल तर दोष सेन्सर, पुलऑफ किंवा चौकटीत शोधायचा. होमिंगनंतर सरळ आणि काम होता होता वाकडं होत असेल, तर चालताना एखादी मोटर स्टेप सोडते आहे किंवा कपलिंग (मोटर आणि स्क्रू जोडणारा तुकडा) घसरतं आहे. सेन्सर प्लेटची जागा पाहतात, मोटरची नाही. त्यामुळे घसरलेलं कपलिंगसुद्धा पुढच्या होमिंगला बिनबोभाट झाकलं जातं.

कपलिंग आणि शाफ्टवर मार्करने एक सरळ रेघ मारून ठेवली होती. ती तुटली नव्हती, म्हणजे कपलिंग निर्दोष. उरले हरवलेले स्टेप्स. स्टेपर मोटर तोल गमावते तेव्हा एक-दोन मायक्रोस्टेप (पूर्ण स्टेपचे बारीक भाग) सोडत नाही, पूर्ण चार स्टेप्सची उडी घेते. फेऱ्याला २०० पूर्ण स्टेप्स, त्यामुळे १० मिमीच्या स्क्रूवर चार पूर्ण स्टेप्स म्हणजे ०.२ मिमी. फरक ०.५ ने वाढला होता. वरच्या हिशेबाने ते प्लेटवर ०.४५ मिमी होतात, आणि मोजणीची चूक धरली तर या ०.२ च्या दोन उड्या. कपलिंग घसरलं असतं तर असं पटीत यायचं कारण नव्हतं.

उडी का? डाव्या प्लेटला डायल (बारीक हालचाल काट्याने दाखवणारं मापक) लावून होमिंग केलं आणि डॉलर-एमडी ($MD) हुकूम देऊन मोटरी मोकळ्या सोडल्या. टक्क आवाज आला आणि काटा पाऊण मिमी पुढच्या बाजूला गेला. पुलऑफ बदलायच्या आधी हीच चाचणी केली होती तेव्हा काटा जेमतेम ०.१ हलला होता. गॅन्ट्रीची स्वतःची बसलेली जागाच तिरकी होती. पुलऑफने तिला सरळ केलं ते ताणून धरून, आणि तो ताण डाव्या मोटरवर कायमचा बसला. मिनिटाला ६००० मिमीच्या वेगाने मागे जाताना, जिथे स्टेपरचा जोर आधीच उतरलेला असतो, तिथे ती हरत होती.

मोटर तापते का, हे पाहून इथे काही कळत नाही. स्टेपरचा ड्रायव्हर ठरलेला करंट देतच राहतो. मोटर ओझं ओढत असो की रिकामी फिरत असो, ती तापणारच.

मूळ दोष

दोन्ही बॉलनटांची घरं साइड प्लेटांपासून सोडवली. आता गॅन्ट्री फक्त रेलवर. ती हलकेच मागेपुढे करून सोडली आणि चौकटीच्या पुढच्या आडव्या पट्टीपासून दोन्ही प्लेटांचं अंतर मोजलं. उजवीकडे १.३ मिमी जास्त. बीमचे बोल्ट आवळताना गॅन्ट्री तिरकी उभी होती आणि तशीच पक्की झाली. मग सेन्सर लावताना ती जिथे उभी होती तिथेच दोन्ही सेन्सर जुळवले गेले. होमिंग रोज तोच तिरकेपणा इमानेइतबारे परत आणून देत होतं, वर सेन्सरांच्या लावणीतला ०.३.

म्हणून क्रम हा: आधी लोखंड, मग सेन्सर, शेवटी आकडा. पुलऑफमधून तीन-चार दशांश काढावेत. दीड मिमी तिथून काढायचं नाही.

दुरुस्ती

नट सोडवलेलेच होते. बीम आणि साइड प्लेट यांच्यातले आठही एम८ बोल्ट पाव-अर्धा फेरा सैल केले, प्लेट हाताने ढकलली तर सरकेल पण लोंबकळणार नाही इतके. एकाच चौरस बारमधून, एकाच सेटिंगमध्ये फेस केलेले दोन तुकडे पुढची पट्टी आणि प्लेट यांच्यामध्ये ठेवले आणि दोन्ही प्लेटा क्लॅम्पने त्यांवर ओढल्या. तुकडे २५ मिमीचे की २६ चे याला महत्त्व नाही, दोन्ही सारखे हवेत.

पण पुढची पट्टी तरी रेलशी काटकोनात कशावरून? नसतेच बहुतेक वेळा. म्हणून हे तुकडे म्हणजे सुरुवात, निकाल नव्हे. निकाल कर्ण देतात. या यंत्रावर तुकड्यांवर बसवून, बोल्ट आवळून, नट जोडून पुन्हा चार भोकं पाडली तेव्हा फरक ०.९ आला, तोच कर्ण मोठा. हिशेबाने ०.८ मिमी. मग बोल्ट परत सैल करून डाव्या तुकड्याशी ०.८ चं फीलर पान (ठरलेल्या जाडीची पातळ पोलादी पट्टी) घातलं आणि पुन्हा आवळलं. एकदाच काय तो हा फेरा.

आवळताना डायल प्लेटवर ठेवलेली बरी. एक बोल्ट पूर्ण पिळला की प्लेट पाच-दहा शतांश सरकते, हे डोळ्यांना दिसत नाही, काट्याला दिसतं. आठही बोल्ट आलटून-पालटून, तिरक्या क्रमाने, तीन हप्त्यांत आवळायचे.

नट परत जोडताना स्क्रू हाताने फिरवून नटाचं घर प्लेटच्या भोकांसमोर आपोआप येईपर्यंत न्यायचं. बोल्टने ओढून घेतलं तर सगळी मेहनत वाया, नटच गॅन्ट्रीला तिरकी ओढत राहतो. बोल्ट घालून प्रवास हाताने एकदा टोकापासून टोकापर्यंत करून पाहावा. कुठेही जड लागायला नको.

सेन्सर

सेन्सर एम१२ चे इंडक्टिव्ह, एलजे१२ए३ जातीचे, ४ मिमी पल्ल्याचे, एनपीएन (लागल्यावर सिग्नलची वायर ऋण बाजूला जोडणारे), एरवी उघडे. समोरचं लक्ष्य साइड प्लेटमध्ये बसवलेला एम८ चा साध्या लोखंडाचा बोल्ट, मागे लॉकनट. एम६ चं डोकं लहान पडतं आणि पल्ला घटतो. स्टेनलेस किंवा ॲल्युमिनियमनेही घटतो. एम८ चा आटा १.२५ मिमीचा, त्यामुळे षटकोनी डोक्याची एक बाजू फिरवली की ०.२ मिमी. गॅन्ट्री त्याच दोन तुकड्यांवर, डावीकडे फीलर पान ठेवून टेकवली आणि दोन्ही सेन्सरचे दिवे एकाच क्षणी लागतील असे बोल्ट फिरवले. लॉकनट आवळताना बोल्टही सोबत फिरतो, म्हणून आवळल्यानंतर पुन्हा तपासणं आलंच.

नट सुटलेले असतानाच करून घ्यायची आणखी एक चाचणी आहे, आणि ती टाळणं महागात पडतं. होमिंग चालू करायचं, स्क्रू मोकळे फिरू द्यायचे आणि डाव्या सेन्सरसमोर पाना धरायचा. डावी मोटर थांबली पाहिजे, उजवी फिरत राहिली पाहिजे. मग उजवीकडे तसंच. सेन्सरच्या वायरी उलटसुलट असतील तर डावा सेन्सर उजव्या मोटरला थांबवतो, डावी मोटर पुढे जातच राहते आणि गॅन्ट्री सरळ होण्याऐवजी आणखी पिळली जाते. नुसते दिवे बघून ही चूक कळत नाही. मोटरींच्या दिशाही याच वेळी पाहून घ्याव्यात. दोन्ही मोटरी एकाच टोकाला असतील आणि स्क्रू एकाच हाताचे असतील तर दोघींची दिशा एकच. समोरासमोरच्या टोकांना असतील तर एकीची उलटवावी लागते, कॉन्फिगरेशनमध्ये दिशेची पिन उलटी करून किंवा मोटरच्या एकाच कॉइलच्या दोन वायरी अदलाबदल करून.

कॉन्फिगरेशनमधल्या जागा जिथे पाय घसरतो

फ्लुइडएनसीच्या फाइलमध्ये वायच्या खाली मोटर-शून्य आणि मोटर-एक असे दोन विभाग हवेत. स्टेपची पिन, दिशेची पिन, लिमिटची पिन आणि पुलऑफ, सगळं दोन्हींत स्वतंत्र. दोन सेन्सर समांतर जोडून एकाच पिनेवर आणले तर पहिला सेन्सर लागताच दोन्ही मोटरी थांबतात आणि सरळ होण्याचा प्रश्नच उरत नाही. एकाच ड्रायव्हरवर दोन मोटरी किंवा शील्डवर जंपर लावून वायचीच पल्स चौथ्या ड्रायव्हरला दिलेली असेल तरी तेच. फाइलमधली मांडणी मोकळ्या जागांवर चालते, टॅब चालत नाही. एक ओळ दोन जागा डावीकडे सरकली की मोटर-एक वायच्या बाहेर पडते.

ईएसपी३२ च्या जीपीआयओ ३४ ते ३९ या पिनांना आतला पुलअप, म्हणजे पिनेला एरवी ३.३ व्होल्टवर धरून ठेवणारा रेझिस्टर, नसतोच. फाइलमध्ये पुलअप मागितला तरी मिळत नाही, पिन तरंगत राहते आणि स्पिंडल सुरू झालं की भुताने पछाडल्यासारखे लिमिट लागायला लागतात. बाहेरून ३.३ व्होल्टकडे १० किलो-ओहमचा रेझिस्टर लावायचा. सेन्सर २४ व्होल्टवर चालवायचा असेल तर मध्ये ऑप्टोकप्लर (प्रकाशातून सिग्नल देऊन दोन बाजू वेगळ्या ठेवणारा भाग) हवा. पिनेवर २४ व्होल्ट गेले तर बोर्ड गेलाच.

आयडलची वेळ (थांबल्यावर किती वेळाने मोटरी सोडायच्या ते) २५५ ठेवायची, म्हणजे मोटरी कायम पकडून राहतात. थांबल्यावर मोटरी सुटत असतील तर होमिंगने आणलेला गुण्या त्या क्षणी गेला. आणि वीज गेली, परत आली, की होमिंग पुन्हा करायचंच. पुरवठा सुरू होताना रोटर जवळच्या विद्युत-स्थितीवर झेपावतो. १० मिमीच्या स्क्रूवर ती झेप कोणत्याही बाजूला ०.१ मिमीपर्यंत असू शकते, आणि दोन्ही मोटरी सारखीच झेप घेतील याची हमी नाही.

जुन्या आर्डुइनो उनो बोर्डावर ग्रबल ही नियंत्रण प्रणाली असेल तर १.१एच आवृत्तीत दुहेरी अक्षाची सोय आहे, कॉन्फिग फाइलमध्ये चालू करून पुन्हा कंपाइल करावी लागते. दुसरा सेन्सर ठरलेल्या अंतरात लागला नाही तर ते अलार्म १० देतं. हे अंतर मूळ सेटिंगमध्ये २५ मिमीपर्यंत जाऊ शकतं. घट्ट रेलच्या यंत्राला २५ मिमी पिळणं म्हणजे ब्लॉकांचा कडेलोट. मर्यादा ५ मिमीच्या आत आणून ठेवणं शहाणपणाचं.

नंतरचे आकडे

लोखंड आणि सेन्सर झाल्यावर दोन्ही पुलऑफ ३ मिमीवर ठेवून पाडलेल्या भोकांत फरक ०.३ आला. हिशेबाने ०.२७ मिमी. डाव्या मोटरचं पुलऑफ ३.२७ केलं, उजव्याचं ३ च. त्यानंतरचा फरक ०.१ च्या आत, म्हणजे या पट्टी-व्हर्निअरने वाचता येईल त्याच्या काठावर. मोटरी सोडल्यावर डायलचा काटा ०.०५ ही हलत नाही. दहा वेळा होमिंग करून डाव्या-उजव्या प्लेटवर डायल वाचलं. दोन्हीकडे फिरून येणारी जागा ०.०२ च्या आत. ६००० च्या वेगाने तासभर चालवून, होमिंग न करता पाडलेल्या भोकांतही फरक वाढला नाही.

उरलं ते एवढंच. मागच्या टोकाला ६०० बाय ४०० चं दुसरं आयत पाडून पाहिलं तर तिथे ०.१५ फरक निघतो, पुढच्या टोकाला जवळजवळ काहीच नाही. हा दोन स्क्रूंच्या आट्यांमधला फरक. सी७ या अचूकतेच्या वर्गाच्या रोल केलेल्या स्क्रूला ३०० मिमीवर ०.०५ मिमीची चूक मंजूरच असते, आणि दोन स्क्रूंच्या चुका एकाच दिशेच्या असतीलच असं नाही. फ्लुइडएनसीत स्टेप्स-पर-मिमी अक्षाला एकच मिळतं, मोटरला वेगळं नाही, म्हणून इथे त्यावर उपाय नाही. लिनक्ससीएनसी या दुसऱ्या नियंत्रण प्रणालीत दोन्ही बाजू वेगळे जॉइंट असतात, त्यांना वेगळं स्केल आणि स्क्रूची भरपाई देता येते. प्लायच्या खोक्यांसाठी त्याची गरज नाही, म्हणून ते तसंच ठेवलं आहे.